वाचकांचे प्रश्न : दालनाबाहेरचा क्युरेटर

प्रश्न : चित्रकलेची पदवी घेऊन मी सध्या एका कलादालनात सहायक म्हणून काम करतो. समकालीन कला चौकात, घाटावर, बागेत नेणारा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन योजणारा आणि मांडणारा, व्हावे असे मनात आहे. परंतु ही कारकीर्द नेमकी कशी घडते, हे सांगणारे कोणी भेटत नाही. आपण मार्गदर्शन करावे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या कामाची ठरीव वाट नाही, म्हणून एका माणसाची वाटचाल आपल्यापुढे ठेवते. जर्मनीतील कास्पर क्योनिग (१९४३–२०२४) यांनीही आपल्यासारखीच एका कलादालनात उमेदवारी केली होती आणि १९६६ मध्ये, पंचविशीही गाठलेली नसताना, स्टॉकहोमच्या संग्रहालयात शिल्पकार क्लास ओल्डेनबर्ग यांचे प्रदर्शन मांडले. पुढे फ्रँकफर्टच्या कलाशाळेचे प्रमुखपद आणि कोलोनच्या लुडविग संग्रहालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र म्युन्स्टर या शहरात सापडते.

सत्तरच्या दशकात जॉर्ज रिकी यांचे फिरत्या चौकोनांचे शिल्प तेथे बसवायचे ठरले, तेव्हा नागरिक खवळले. तेथील संग्रहालयातील क्लाउस बुसमान यांनी विरोधकांना अडाणी ठरवले नाही. त्यांनी आधुनिक शिल्पकलेवर व्याख्याने दिली आणि १९७७ मध्ये मोठे प्रदर्शन भरवले. त्याच प्रदर्शनाचा भाग म्हणून क्योनिग यांनी नऊ कलावंतांना शहरात बोलावले. तयार शिल्प आणून चौथऱ्यावर ठेवायचे नाही, आधी शहर हिंडून जागा निवडायची आणि त्या जागेतूनच काम सुचू द्यायचे, ही त्यामागची भूमिका होती, आणि माझ्या मते क्युरेटरचे सारे कसब या एका अटीत आहे. योझेफ बॉइस यांनी पादचाऱ्यांच्या उतारमार्गाखालचा एक निरुपयोगी, पाचरीसारखा कोपरा निवडला आणि त्याचा आकार कित्येक टन चरबीत ओतला. शहररचनेतील चूक त्यातून जशी दिसली, तशी एखाद्या लेखातून क्वचितच दिसली असती.

हे सारे सुखासुखी झाले असे समजू नये. ओल्डेनबर्ग यांनी आझे तलावाकाठी काँक्रीटचे तीन प्रचंड गोळे ठेवले, तर ते तलावात ढकलून देण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांनी केला. आज त्याच गोळ्यांपाशी तरुण मंडळी भेटायला जमतात. ब्रूस नॉमन यांचा जमिनीत उतरत जाणारा चौकोन १९७७ मध्ये होऊ शकला नाही, तो २००७ मध्ये बांधला गेला. एका कामासाठी ३० वर्षे धीर धरण्याची तयारी आपल्यात आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. म्युन्स्टरचे हे शिल्पप्रदर्शन १९७७ पासून दर दहा वर्षांनी भरते आणि २०१७ पर्यंतच्या पाचही खेपांना क्योनिग त्याच्याशी जोडलेले होते.

आपण म्हणाल, हे जर्मनीचे झाले. परंतु २०१७ मध्येच मुंबईच्या ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला, तेव्हा कोळी स्त्रीपुरुषांची मोठी छायाचित्रे तेथील भिंतींवर लागली. जागेची माणसे कामात यावीत, हाच विचार तेथेही होता. तेव्हा अर्ज, परवानग्या, विम्याची कागदपत्रे आणि जागेवर वावरणाऱ्यांशी वारंवार बोलणे, यालाच आपले मुख्य काम माना. गोदाघाटावर काही करायचे मनात असेल, तर कलावंताचे नाव ठरवण्याआधी वर्षभर तेथे जात राहा. पाणी कोठवर चढते, फुलवाल्यांची टोपली कोठे असते, आठवडे बाजाराच्या दिवशी वाट कोठून उरते, हे टिपून ठेवा.

अशी टिपणे किती दूर पोहोचतात, याचे उदाहरण म्युन्स्टरच्या त्या नऊ कलावंतांपैकी मायकेल ॲशर यांच्या कामात आहे. १९७७ मध्ये त्यांनी एक साधी फिरते घर असलेली गाडी दर आठवड्याला म्युन्स्टरमधील वेगळ्या जागी उभी केली आणि त्याची छायाचित्रे घेतली. १९८७, १९९७ आणि २००७ मध्ये तशीच गाडी पुन्हा त्याच जागी नेण्यात आली; एखादी जागा मधल्या काळात उरली नसेल, तर त्या आठवड्यात गाडी बाहेर काढलीच जात नसे.