एक पॅटीस, दोन पॅटीस

प्रश्न असा आहे: “बेकरीत मी ‘एक गरम पॅटीस द्या’ म्हटलं की मुलगी मला गप्प करते. पॅटी म्हणजे बर्गरमधली टिक्की, आपण खातो तो पफ, असं तिचं म्हणणं. चूक कोणाची?”

मुलीची. हे ‘बाबा, पफ म्हणा’ आता मी घरोघरी ऐकतो आणि दर वेळी वैतागतो.

रगडा पॅटीस, ब्रेड पॅटीस, उपवासाचं पॅटीस सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो. ‘पॅटीस हे अनेकवचन, एक असेल तर पॅटी म्हणा’ हा आक्षेपही फुसका. मॅचेसची माचीस झालीच ना? जर्मनांनी तर इंग्रजी ‘केक्स’ हे अनेकवचन बिस्किटासाठी एकवचन म्हणून घेतलं आणि वर त्याचं ‘केक्से’ असं नवं अनेकवचन काढलं.

खरी गंमत एका स ची आहे. लॅटिन ‘पास्ता’ म्हणजे मळलेलं पीठ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ तो ‘पास्ते’. इंग्रजीने मध्ययुगातच हा शब्द स सकट उचलला, तो पॅस्टी. पुढे फ्रेंचांच्या तोंडून त्या जागचा स गळाला. आता तिथे अक्षराच्या डोक्यावर नुसती टोपी उरली आहे. हॉस्पिटलचा स त्यांच्या ‘ओपिताल’मध्ये असाच टोपीखाली गेला. स गेल्यावर इंग्रजीने तोच शब्द पुन्हा उसना आणला, तो पॅटी. अर्थ, छोटा पाय! (खायचा, चालायचा नव्हे.) टिक्कीचा अर्थ फार उशिराचा, अमेरिकेत रुजलेला. म्हणजे आपला बेकरीवाला जुना अर्थ जपून आहे आणि बर्गरवाले नवशिके.

पॅटीची थोरली बहीण बघायची तर इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या बेकरीत. तिथे पॅस्टी म्हणायचं, पेस्टी नव्हे. आकार करंजीचा, मुरड कडेला, आत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमाचा भाऊबंद. एक खाल्ली की जेवण झालं. २०११ पासून ‘कॉर्निश पॅस्टी’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, आणि मुरड माथ्यावर घातली तर ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे कुळधर्मालाही एवढं सोवळं नसतं.

काही पंडित मात्र ‘पाव पोर्तुगीज, म्हणून पॅटीसही पोर्तुगीज’ असं ठोकून देतात आणि ‘पास्तेल’ या तिकडच्या भाजक्या पदार्थाच्या अनेकवचनाकडे बोट दाखवतात. मग त्यातला स कुठे गेला? मेस्त्रेचा मेस्त्री झाला, पिस्तोलाचं पिस्तूल झालं, स जागचा हलला नाही. रस्ता, बस्ता, नाश्ता बिनदिक्कत बोलणारी मराठी जीभ नेमकी बेकरीत अडखळली म्हणता? पोर्तुगीजांकडून शब्द आला असता तर आज आपण ‘पस्तेस’ खात असतो.

जमैकाचे लोकही पॅटी म्हणजे सारण भरलेली, भाजलेली पारीच समजतात. १९८५ साली टोरोंटोत सरकारी निरीक्षकांनी तिथल्या जमैकन बेकऱ्यांना बजावलं की बीफ पॅटी म्हणजे नियमाप्रमाणे फक्त मांसाची टिक्की, तुम्ही हे नाव लावू नका. बेकरीवाले हटले नाहीत. शेवटी ‘जमैकन पॅटी’ म्हणायची मुभा मिळाली. मुलीला हे जरूर सांगा.

अरे हो, पफ. ते नाव पारीचं, फुलून आलेल्या पदरांचं. साट्याच्या करंजीला कोणी नुसतं ‘साटा’ म्हणतं का? बंगळूर-हैदराबादकडे पफ म्हणतात, खुशाल म्हणोत. आमच्या बेकरीत साडेचारला ट्रे बाहेर येतो, काउंटरवरचा माणूस न बघताच “व्हेज की मटण?” विचारतो, आणि पहिल्या घासाला निम्मे पदर शर्टावर पडतात. तिथे ‘एक पफ द्या’ म्हणून बघा. तो क्रीमरोल काढून देईल.