हिरवे प्रश्न : बुंध्याशी पेव्हर ब्लॉक, रात्रीचा ऑक्सिजन आणि दरवर्षी मरणारी रोपं

प्रश्न : सोसायटीत करंजाची चार जुनी झाडं आहेत. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. आता दोन झाडांचे शेंडे वाळताहेत, पानांवर फोड आलेत. कमिटी म्हणते, काढूनच टाकू. फवारणीने वाचतील का? (नाशिक)

उत्तर : फोडांचा आणि शेंडे वाळण्याचा काही संबंध नाही. फोड अतिसूक्ष्म कोळी किडीमुळे येतात. करंजावर ते नेहमीच दिसतात आणि झाडाचं त्याने फारसं बिघडत नाही. फवारणीचे पैसे वाचवा.

शेंडे वाळताहेत ते बहुधा मुळं गुदमरल्यामुळे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांनाही हवा लागते. ब्लॉकखालची खडी आणि कच दाबून घट्ट केलेली असते, तिथून हवाही जात नाही आणि पाणीही. फटींतून पाणी मुरतं म्हणावं, तर त्या गाळाने लवकरच बुजतात.

बुंध्यापासून चारही बाजूंना किमान 1 मीटर ब्लॉक काढा, जमलं तर दीड. ब्रेकर नको; पहार आणि छिन्नीने काम होतं. दाबलेली कच हातानेच उचला. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर तोडू नका. झाडाला धरून ठेवणारी मुळं तीच, ती तोडली की झाड खरोखरच धोकादायक होतं. मग माती आणि कुजलेलं शेणखत तीनास एक मिसळून मूळच्या पातळीपर्यंतच भरा. हौसेने पार बांधून त्यात फूटभर माती भरण्याची चूक सर्रास होते. वड-पिंपळ ते सोसतात, करंजाची मात्र मातीत गाडलेली साल कुजते. वर तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. फरक दिसायला एक-दोन पावसाळे जातील.

वाळलेल्या फांद्या काढायलाही आधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. शहरी झाडांना 1975 चा राज्य कायदा लागू आहे. छाटणारे सोयीसाठी एकाच बाजूच्या फांद्या उतरवतात, तेवढं होऊ देऊ नका. वाऱ्यात कलतं ते असंच असमतोल झालेलं झाड.

कमिटीला पटवायला एक हिशोब. पानांतून 1 लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.68 युनिट (वीजबिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता शोषली जाते. झाडाने दिवसभरात 100 लिटर पाणी बाहेर टाकलं, तर 68 युनिट झाले. तेवढी उष्णता काढायला दीड टनी एसीला पूर्ण क्षमतेने जवळपास 13 तास चालावं लागेल. उघड्यावर हा गारवा पांगतो हे खरं, पण एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर अंगणातच टाकतो, तसं झाड करत नाही. शिवाय करंज चैत्राच्या सुमारास पानं टाकून लगेच नवी पालवी घेतो आणि ऐन मे महिन्यात दाट सावली देतो. अट एकच, मुळांपर्यंत पाणी पोचलं पाहिजे.

प्रश्न : पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हे खरं का? (सातारा)

उत्तर : नाही. ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणात तयार होतो आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण म्हणून झाडाखाली झोपायला घाबरण्याचंही कारण नाही, उघड्या हवेत तो कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहेच, गल्लीतल्या चार झाडांनी तो वाढतही नाही आणि घटतही नाही. पिंपळ हवा तो सावलीसाठी आणि पक्षी-वटवाघळांना फळं देतो म्हणून.

प्रश्न : दरवर्षी 15 ऑगस्टला रोपं लावतो, मेपर्यंत निम्मी जातात. काय चुकतं? आणि इमारत ते कंपाउंड 12 फुटांत काय लावावं? (कल्याण)

उत्तर : पहिली चूक तारखेचीच. दोन-तीन चांगले पाऊस झाले की जूनअखेर ते जुलैत लावा, म्हणजे मुळं पसरायला पुरा पावसाळा मिळतो. झेंडावंदनाला जमलेली माणसं तण काढायला लावा.

खड्डा 2 फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती वेगळी ठेवून तीच तळाशी घाला, सोबत चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण वाळवीला बोलावणं असतं. पिशवी कापून पूर्ण काढा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली दिसली तर दोन-तीन उभे काप द्या, नाहीतर वाढल्यावर तीच मुळं एकमेकांना आवळतात. रोप पिशवीत होतं त्याच पातळीला बसवा. आधाराची काठी पश्चिमेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या बाजूला रोवून सुतळी इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी बांधा आणि वर्षभरात सैल करा.

12 फुटांत बकुळ, ताम्हण, कांचन किंवा सीता अशोक. वड, पिंपळ, उंबर भिंतीपासून 30 फूट दूर. नर्सरीवाला झटपट आडोसा म्हणून कोनोकार्पस देईल, तो घेऊ नका. तो परदेशी आहे, त्याची मुळं पाइपांत शिरतात आणि गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

पाऊस थांबल्यावर रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात आणि एप्रिलमध्ये करपतात. त्याऐवजी आळं करून दर चार-पाच दिवसांनी 10 ते 15 लिटर एकदम द्या, निदान तीन उन्हाळे. ते कोण घालणार हे खड्डे खणण्याआधी ठरवा, आणि त्याला झेपतील तेवढीच रोपं आणा.