कलेजी नको, शेवग्याचा पाला चालेल

प्रश्न : सुनेनं मुरुमांसाठी पाच महिने आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या. परवा कोर्स संपला. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर दिवस जाऊ देऊ नका. ही गोळी 'अ' जीवनसत्त्वाच्याच जातीची आहे म्हणे. मग शेवग्याचा पाला, गाजरही बंद करायचं का?
– एक सासूबाई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाला मुळीच बंद करू नका. कपिलतीर्थ मंडईतून तुम्ही जी जुडी आणता, तिच्यात तयार 'अ' जीवनसत्त्व नसतंच. त्याचा कच्चा माल, बीटा कॅरोटिन असतं. आतड्यातलं एक एन्झाइम तो लांबट रेणू बरोबर मधोमध तोडतं आणि त्याचे दोन तुकडे होतात; प्रत्येक तुकडा म्हणजे रेटिनाल, 'अ' जीवनसत्त्वाचं एक रूप. अंगात साठा पुरेसा झाला की ही तोडणी आपोआप मंदावते. गाजरं फार झाली तर तळहात पिवळे दिसतील, एवढंच.

कलेजीचं तसं नाही. बकऱ्यानं साठवून ठेवलेलं तयार जीवनसत्त्व आपण थेट खातो, आतड्यात त्याला अडवणारं कुणी नाही. गरोदरपणात ते दिवसाला 3000 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि वाटीभर कलेजीत ही हद्द सहज ओलांडते. रविवारी मटण शिजलं की कलेजीचा पहिला तुकडा सुनेच्या ताटात, 'रक्त वाढतं' म्हणून. माझ्या सासूबाईही असंच वाढायच्या. ती माया मी विसरलेली नाही. तरी सध्या पांढऱ्या रश्श्यावर भागवा.

आता महिन्याचं. रेटिनालचं पुढं रेटिनॉइक आम्ल होतं. पेशींतल्या जनुकांना चालू-बंद करणारं हेच, म्हणून काम झालं की ते मोडावंच लागतं. सीवायपी26 ही एन्झाइम्स त्याला ऑक्सिजन जोडून निकामी करतात, मग ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतं. गर्भात तर इवल्या हाताच्या वाढत्या टोकाशी हे आम्ल साचू नये म्हणून यांतलंच एक एन्झाइम राखणीला असतं. गोळी म्हणजे तेच आम्ल, फक्त रेणूची घडी वेगळी; आणि तिचा डोस त्या इवल्या राखणदाराला पेलत नाही, म्हणून गर्भाला धोका. सुनेच्या रक्तातली गोळी निम्मी व्हायला साधारण एक दिवस लागतो, ऑक्सिजन जोडलेलं तिचं रूप आणखी रेंगाळतं. सगळं पुरतं निघून जावं म्हणून महिना.

या महिन्यात तिला रक्तदानही करू देऊ नका. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.