बाहेरची फ्रेम की आतला रॉड?

प्रश्न : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली भावाची नडगी मोडली, हाड बाहेर आलं. डॉक्टरांनी पायाबाहेर लोखंडी फ्रेम लावली. शेजारच्या मुलाला मात्र लगेच रॉड टाकला होता. असं का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : फरक जखमेचा. जखम लांबीला १ सेंटिमीटरच्या आतली आणि स्वच्छ असेल, तर बहुतेकदा पहिल्याच ऑपरेशनमध्ये नडगीच्या पोकळीत रॉड घालून वर-खाली स्क्रूने अडकवतात. ट्रॉलीखाली मांस चिरडतं, वावरातली काळी माती आत जाते. तिथे आधी मेलेलं मांस काढायचं, सलाइनने धुवायचं (मोठ्या जखमेला ९ लिटरही लागतं) आणि तोवर हाड फ्रेमने धरायचं. प्लेट, म्हणजे हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी, अशा वेळी आम्ही शक्यतो टाळतो. नडगीच्या पुढच्या अंगाला हाडावर नुसती कातडी, ती उसवली की प्लेट उघडी पडते.

फ्रेमचा सगळा जीव पिनांत, म्हणजे कातडीतून हाडात घातलेल्या सळयांत. मोडलेल्या जागेच्या वर साधारण २, खाली २. हात साबणाने धुऊन रोज प्रत्येक पिनेचं बूड वेगळ्या गॉझने, सलाइन लावून पुसा. हळद, राख, तेल काही नको. पू आला, लाली चढली किंवा पिन हलली, तर त्याच दिवशी दाखवा. पिना कोरड्या असतील तर साधारण २ आठवड्यांच्या आत फ्रेम काढून रॉड टाकता येतो. पू असताना टाकला तर जंतू थेट हाडाच्या पोकळीत उतरतात.

आणि भाऊ खर्रा खात असेल तर आजपासून बंद. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो, मग फ्रेम असो की रॉड.