बी.एससी. झाल्यावर १ वर्षाच्या सर्टिफिकेटवर झेडपीत शिक्षक होता येते का?

भाऊ, तुम्ही विचारलं की मी बी.एससी. आहे, ५३ टक्के, दिग्रसकडचं गाव, घरी वावर आहे, तालुक्याच्या जागी एक जण घरबसल्या १ वर्षाचं शिक्षक सर्टिफिकेट देतो म्हणून ४५ हजार मागून राहिला, तर त्यावर झेडपीत लागता येते का. आधी उत्तरच सांगून देते, नाही लागता येत. पैसे दिले नसतील तर देऊ नका आणि बयाणा दिला असेल तर आजच जाऊन वापस मागा.

मी यवतमाळ जिल्ह्यातच झेडपीच्या शाळेत ६ वी ते ८ वीला गणित-विज्ञान शिकवते, २०२४ च्या भरतीत लागली, अजून शिक्षण सेवकच आहे, म्हणजे पहिली ३ वर्षं मानधनावर. हा सगळा रस्ता मी स्वतः चालली म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिली, शेवटपर्यंत वाचा.

हे १ वर्षाचं गावात कुठून आलं तर आधी बी.एड. खरंच १ वर्षाचं होतं, आपले मोठे भाऊ-बहिणी तसेच मास्तर झाले, म्हणून घरच्यांना अजून वाटते की वर्षभरात होऊन जाते. २०१५-१६ पासून ते २ वर्षांचं झालं. आता परत १ वर्षाचं येणार अशी चर्चा आहे, एनसीटीईनं, म्हणजे शिक्षकांच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०२५ मध्ये नवीन नियमांचा मसुदा काढला त्यात आहे ते, पण ते ४ वर्षांची डिग्री नाहीतर पीजी झालेल्यांसाठी, तुमची डिग्री ३ वर्षांची. त्या माणसाला एकच विचारा, या कोर्सला एनसीटीईची मान्यता आहे का, आणि असेल तर मान्यतेचा आदेश दाखवा. माझ्यासोबतच्या एका पोरीनं असाच कोर्स केला होता, हातात आलं ते नर्सरी टीचरचं सर्टिफिकेट, एका कॉन्व्हेंटात ४ हजारांवर लागली बिचारी, आणि भरतीचा फॉर्म भरायला बसली तर पात्रतेत तिच्या कोर्सचं नावच नाही. २ वर्षं गेली तिची, मला अजून वाईट वाटते.

आता खरं काय करायचं. पहिले हे ठरवा की कोणत्या वर्गाला शिकवायचं, कारण कोर्स त्यावरून ठरते. १ ली ते ५ वीसाठी डी.एल.एड. लागते, ज्याला आपण अजून डी.एड.च म्हणतो. तिथं बी.एड. चालत नाही. २०१८ मध्ये चालेल असं केलं होतं, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नाही चालणार, आणि त्या निकालानं आपल्याकडच्या कितीतरी बी.एड.वाल्यांचा हिरमोड झाला. ६ वी ते ८ वीसाठी डिग्री आणि सोबत डी.एड. किंवा बी.एड., दोन्हीपैकी एक असलं तरी जमते. ९ वी-१० वीला डिग्री आणि बी.एड.च पाहिजे, ११ वी-१२ वीला एम.एससी. आणि बी.एड. म्हणजे नीट पाहिलं तर ग्रॅज्युएट माणसानं डी.एड. केलं की १ ली ते ८ वी मोकळी होते आणि बी.एड. केलं की ६ वीपासून वरचं. ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, मी आपली सगळे करतात म्हणून बी.एड.ला गेली. तुम्ही बी.एससी. आहात तर माझं मत बी.एड.च करा, माझ्या बॅचला बी.ए.वाले निम्म्याहून जास्त होते, गणित-विज्ञानाचे आम्ही मोजकेच. पण लहान लेकरांत मन रमत असेल तर डी.एड. करायला बिलकुल लाजू नका, ग्रॅज्युएट होऊन डी.एड. काऊन करतं असं लोक म्हणतील, म्हणू द्या.

पत्राद्वारे करतो म्हणाल तर मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षकाचं ट्रेनिंग झालेल्यांसाठी. नव्या पोरापोरींना रेग्युलरच करावं लागते.

प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या बी.एड. सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेवर होते, ओपनला डिग्रीत ५० टक्के आणि राखीवला ४५, तुमचे ५३ आहेत म्हणजे काळजी नाही. कॅप राउंडमधूनच, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतूनच सीट घ्या, मॅनेजमेंटच्या सीटवर गेलं तर शिष्यवृत्तीचं कठीण होते. आणि एक सांभाळा. मी ज्या पहिल्या कॉलेजात चौकशीला गेली तिथं क्लार्कनं सरळ सांगितलं, रोज यायचं काम नाही, फक्त परीक्षेला या, त्याचे २० हजार वेगळे, पावती नाही भेटणार. बाबा सोबत होते, त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, बाई, न शिकता मास्तरीण होशील तर त्या लेकरांचं काय होईल. आम्ही तिथून निघालो आणि दुसऱ्या राउंडला लांबचं कॉलेज घेतलं, रोज एसटीनं दीड तास जाणं, दीड तास येणं. नियमानं थिअरीला ८० टक्के आणि शाळेच्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी पाहिजे, आणि २ वर्षांत जे काही शिकली ते त्या इंटर्नशिपमध्येच शिकली.

माझा एक सराव पाठ सांगते. ७ वी, विज्ञान, भौतिक राशींचे मापन. मी घरून कापसाचं बोचकं आणि ताणकाटा घेऊन गेली, वर्गात टांगला, आणि विचारलं की काटा काय दाखवून राहिला. एक पोट्टा उठून म्हणाला, मॅडम, सकाळी दवात वेचलेला कापूस जास्त भरते, व्यापारी म्हणून कमी भाव लावते. इतकं चांगलं बोलला तो, आणि मी काय केलं, घाईघाईत बरोबर म्हणाली आणि पुढचं सगळं स्वतःच सांगून टाकलं, वस्तुमान काय, वजन काय, फळा भरून. निरीक्षक सरांनी पाठ टाचणाच्या वहीत लाल शाईनं एकच ओळ लिहिली, "प्रश्न विचारल्यावर थांबा." पुढच्या पाठाला मी थांबली. मनातल्या मनात १० पर्यंत मोजलं. मागच्या ओळीतली एक पोरगी, जिचा आवाजच मी तोवर ऐकला नव्हता, तिनं उत्तर दिलं. आजही वर्गात मी ते १० मोजते. हे घरबसल्या सर्टिफिकेटमध्ये कोण शिकवणार भाऊ?

आता परीक्षा. बी.एड. झालं म्हणजे लायसन्स भेटलं असं नाही, ६ वी ते ८ वीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर २ पास पाहिजे, त्यात तुम्ही गणित-विज्ञान घ्यायचं, ते ६० मार्कांचं असते, बाकी बालमानसशास्त्र आणि दोन भाषा ३०-३०, एकूण १५०. ओपनला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, राखीवला ५५ टक्के. निगेटिव्ह नाही. केंद्राची सीटीईटी पण चालते आणि ती बी.एड. शिकत असतानाच देता येते, भाषा मराठी घेता येते पण बाकी पेपर हिंदी-इंग्रजीत असते. मी म्हणते दोन्ही द्या. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालते, आधी ७ वर्षांचंच होतं. आणि टीईटीत पास करून देतो असं म्हणणाऱ्या एजंटाच्या वाटेला जाऊ नका, २०२० च्या जानेवारीत झालेल्या टीईटीतला घोटाळा बाहेर आला तेव्हा हजारो लोकांचे निकाल रद्द झाले. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर ज्यांची ५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे अशा जुन्या शिक्षकांना पण २ वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे, आमच्या शाळेतले २० वर्षं नोकरी झालेले सर मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्र वाचून राहिले.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. नावात गोंधळू नका, टीईटी वेगळी, टेट वेगळी. २०० प्रश्न, २ तास, पास-नापास नाही, जेवढे मार्क तेवढा नंबर वर. सगळ्यात मोठी अडचण ही की ती दरवर्षी होत नाही, पहिली डिसेंबर २०१७ ला झाली, मग डायरेक्ट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. माझं बी.एड. २०१९ ला झालं, टीईटी २०२१ ला निघाली आणि मग टेटची वाट पाहत बसली, तासिकेवर शिकवलं, शिकवण्या घेतल्या, लग्नाचा विषय निघाला की बाबा म्हणायचे थांबा थोडं. म्हणून सांगते, टेटची जाहिरात येईल तेव्हा टीईटी तुमच्या हातात तयार पाहिजे, तेव्हा अभ्यास सुरू करणारा राहून जाते. टेटच्या मार्कांवर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचे, झेडपीला मुलाखत नाही, खासगी अनुदानित संस्था मुलाखतीनं पण घेतात. तिथं कोणी पैशाची गोष्ट काढली तर उठून या.

पगाराचं पण सांगून देते, घरी हिशेब लागते. लागल्यावर पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक, ८ वीपर्यंत महिन्याला १६ हजार मानधन, ९ वी-१० वीला १८, ज्युनिअर कॉलेजला २०. आधी हेच ६, ८ आणि ९ हजार होतं, जानेवारी २०२३ पासून वाढलं. ३ वर्षांनी पूर्ण पगार. म्हणजे आज सुरुवात केली तर २ वर्षं कोर्स, मधली वाट पाहणं आणि मग ३ वर्षं सेवक, एवढं घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांगा, नंतर टोमणे ऐकायला लागत नाहीत.

आता करायचं काम, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, राखीवमध्ये असाल तर जात वैधता आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर, हे आताच काढून ठेवा, उन्हाळ्यात सेतूवर किती गर्दी राहते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि बी.एससी.ला तुमचे कोणते तीन विषय होते तेवढं कळवा, मेथड, म्हणजे बी.एड.ला शिकवण्याचा विषय, कोणती घ्यायची ते त्यावरून सांगते.