‘मी मोठी झाले की बाबा होणार’

माई, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो. हे सकाळी सातच्या लोकलने जातात ते रात्री साडेनऊला घरी येतात. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि हा. बोलतो भरपूर, पण सगळं बाईमाणसासारखं. ‘मी जेवते’, ‘मी दमले’, ‘थांब, मी आले’. गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. आतेसासूबाईंनी त्याला विचारलं, मोठेपणी कोण होणार? हा म्हणाला, ‘मी मोठी झाले की बाबा होणार.’ सगळे हसले, मीही हसले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘बायकांत वाढला की असंच होतं. आत्ताच लक्ष द्या.’ आणि यानं त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, ‘आई म्हणाली, आत्या आल्या की डबे रिकामे होतात.’ त्या दिवसापासून त्यांचा फोन नाही. सासूबाई म्हणतात, तू हसतेस म्हणून तो शेफारतो. मी आता दिवसभर ‘जेवते नाही, जेवतो म्हण’ असं करत असते, आणि तो माझ्याशी कमी बोलायला लागलाय. माझं काय चुकतंय?

– एक आई, डोंबिवली

अगं,

तुझं पत्र वाचत होते तेव्हा गॅसवर दूध होतं. ते गेलं. तुझ्या चिरंजीवांच्या त्या एका वाक्यापायी दूध ओट्यावरून खाली ओघळलं आणि मी फडकं हातात घेऊन एकटीच हसत उभी. तेव्हा सासूबाईंना सांग, हसणाऱ्यांत आता माईपण आल्या.

तुझं काय चुकतंय ते सांगते, पण आधी त्याचं काय बरोबर आहे ते बघ. ‘मी’ हा शब्द तो दिवसभर कुणाच्या तोंडून ऐकतो? तुझ्या आणि आजीच्या. ‘मी आंघोळीला जाते’, ‘मी आले हं दोन मिनिटांत’, ‘मी दमले बाई आता’. त्याच्या कानावर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ‘मी’च्या शेपटाला ‘ते’ नाहीतर ‘ले’ लागलेलं असतं. त्यावरून त्यानं जो नियम काढला तोच मीही काढला असता. तू त्याला ‘जेवतोस का?’ विचारतेस हे खरं, पण ते पडलं ‘तू’च्या गावचं. तिथला ‘तोस’ उचलायचा, त्याचा ‘तो’ करायचा आणि ‘मी’ला लावायचा, ही उडी तीन वर्षांच्या डोक्याला बरीच लांबची आहे. काही पोरं तर ‘मी’ आणि ‘तू’मध्येच अडकतात. स्वतःला तहान लागली की आईला सांगतात, ‘तुला पाणी पाहिजे.’ आई त्यांना तसंच विचारते ना! इंग्रजी बोलणाऱ्या घरात तुझी ही भानगड नाहीच. तिथे पोरगा काय नि पोरगी काय, दोघंही ‘आय ईट’ म्हणून मोकळी.

माझा मुलगा आज छत्तीस वर्षांचा आहे, दाढी वाढवून हिंडतो. तीन वर्षांचा असताना शेजारच्या पोरानं त्याची तीनचाकी घेतली, तेव्हा गॅलरीत पाय आपटत ओरडला होता, ‘मी रागावले! मी खूप रागावले!’ अख्खी चाळ बाहेर आली. पुढे बालवाडीत दोन दांडगोबांशी गट्टी जमली आणि दोन महिन्यांत ‘रागावले’चं ‘रागावलो’ झालं. मी काही केलं नव्हतं.

आता तुझ्या आतेसासूबाईंना एक सहल सुचवते. त्यांना कोल्हापूरला घेऊन जा. तिथे नऊवारी नेसलेली आजी दारातून हाक मारते, ‘थांब, मी आलो’, आणि सून म्हणते, ‘मी बाजारला जातो.’ त्यामुळे तिथल्या बायकांना मिशा फुटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आणि आपण मोठी माणसं तरी कुठे एवढं सोवळं पाळतो? मुलीला ‘ये रे राजा’ म्हणतो, मुलाला कौतुकानं ‘शहाणी गं माझी बाय’ म्हणतो. ‘परवा गेलो होतो’ही म्हणतो आणि ‘परवा जाणार’ही म्हणतो, दोन्ही परवा एकच. मग याच घरातलं पोर ‘उद्या आपण बागेत गेलो होतो’ म्हणालं की त्याला हसायचं, हा कुठला न्याय?

आणखी एक गंमत तुझ्या लक्षात आली नसेल. तुझा मुलगा ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो तेव्हा कुणालाच चूक सापडत नाही. कारण तिथे क्रियापद खाणाऱ्याचं ऐकतच नाही, आंब्याचं नि पोळीचं ऐकतं. तेवढ्यापुरता तो शंभर टक्के शुद्ध मराठी बोलतो. आतेसासूबाईंना त्या ‘खाल्ली’चीही काळजी वाटत असेल तर मात्र मी हात टेकले.

तो ‘मी करलं’ म्हणतो का गं? तू लिहिलं नाहीस, पण म्हणत असणार. घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, मग हे आलं कुठून? बसलं, उठलं, पडलं, धरलं, हे ऐकून त्यानं स्वतःचा साचा पाडला आणि ‘कर’ त्यात घातलं. साचा बरोबर आहे, ‘केलं’च आडमुठं आहे. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. मग असे दोन दाखवून विचारलं, आता हे कोण? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असं बिनचूक अनेकवचन केलं, आणि तो शब्द तर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पोरं पोपटपंची करत नाहीत गं, आतल्या आत कारखाना चालू असतो. तू मधेच जाऊन त्या कारखान्याचं शटर ओढते आहेस.

हे झालं तुझं चुकणं. बघ, तो तुला कावळ्याची बातमी द्यायला धावत येतो. खिडकीत कावळा बसलाय, त्याच्या चोचीत काहीतरी आहे, श्वास पुरत नाहीये. ‘आई, मी बघितला, मी पळत आले...’ आणि तू स्टेशनच्या पुलावरच्या टीसीसारखी आडवी: तिकीट दाखव, क्रियापद दाखव. डोंबिवलीच्या बाईला यापुढे काही समजावून सांगायला नको. तिकीट नीट नसेल तर माणूस त्या पुलावरून जायचंच टाळतो. तोही तेच करतोय.

‘असं म्हण, तसं म्हण’ आजपासून बंद. तो म्हणाला ‘मी पळत आले’, की तू म्हण, ‘पळत आलास? कुठे आहे कावळा?’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, बातमीही पोचली, काम झालं. दुसरं, त्याला पुरुषाच्या तोंडचा ‘मी’ ऐकू दे. रविवारची त्याची आंघोळ त्याच्या बाबांकडे दे, आणि यांना सांग, मुकाट्यानं घालायची नाही, धावतं समालोचन करायचं. ‘मी आता साबण घेतो. मी पाठ चोळतो. अरे, मीच भिजलो!’ यांना सुरुवातीला कसंनुसं होईल, होऊ दे. तिसरं, झोपताना लोडाचा वाघ कर आणि उशीची शेळी. वाघ म्हणतो ‘मी आलो’, शेळी म्हणते ‘मी पळाले’. आज वाघ तू, उद्या तो. एवढं पुष्कळ झालं, याचा अभ्यासवर्ग करू नकोस.

एक गोष्ट जाता जाता, तुझ्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावानं हाक मारली तरी वळून बघत नसेल, किंवा येत असलेले शब्द हरवायला लागले असतील, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

आता डब्यांचं प्रकरण. फोन तू कर, यांना करायला लावू नकोस. आणि ‘लहान आहे हो, काहीही बोलतो’ असं मुळीच म्हणू नकोस. तो काहीही बोलला नाही, शब्दशः खरं बोलला. बोललीस तू, तो नुसता बातमीदार. सरळ म्हण, ‘आत्या, बोलले मी, चुकलंच माझं. रविवारी चकल्या करतेय, तुमचा डबा वेगळा भरून ठेवते.’ रागावल्या असल्या तरी भाजणीच्या चकलीपुढे फार वेळ टिकणार नाहीत. ‘बायकांत वाढला’चा विषय पुन्हा निघालाच तर हसून सांग, तुमचे बंधूही तुमच्याच कडेवर वाढले ना!

त्याला यावरून रागावू नकोस. लपाछपी खेळताना तो कुठे लपतो ते आठव. पडद्यामागे. खाली दोन्ही पावलं दिसत असतात, पोट पुढे आलेलं असतं, आणि ‘कुठे गेला बाई?’ म्हटलं की आतून खुदखुदतो. ज्याला स्वतःचे पाय झाकता येत नाहीत त्यानं तुमची घरातली गुपितं झाकावीत ही अपेक्षाच जास्त आहे. वर्षा-दोन वर्षांत येईल तेही. मग तो गुपितं ठेवेल, आणि बहुधा तुझ्यापासूनच ठेवेल.

हसण्याबद्दल सासूबाईंचं मी निम्मं मान्य करते. वाटी भिरकावली आणि हसू आलं तर फ्रिज उघडून त्यात तोंड घाल, मी तेच करायचे. पण खरा शेफारतो तो ‘अरे, काकांना म्हणून दाखव ना, काय होणार तू?’ यानं. पाहुणे आले की पोराचा खेळ लावायचा, ही खोड आपल्याकडे जुनी आहे आणि मला बिलकूल आवडत नाही. तिथे तू आडवी पड. एरवी तो बोलला आणि तुला हसू आलं, तर हस की.

मी माझ्या मुलाचं बोलणं एका कॅसेटवर टेप केलं होतं. पुढे यजमानांनी त्यावर क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री टेप केली. त्यावरून झालेलं भांडण हा वेगळ्या पत्राचा विषय. उरलंय ते स्वयंपाकघरातलं एक जुनं कॅलेंडर, दुधाच्या हिशोबाचं. १२ तारखेच्या चौकटीत लिहिलंय, ‘दीड लि. मुंगी ऑफिसला चालली.’ त्याच महिन्याच्या अमावस्येला, ‘एक लि. चंद्र धुवायला टाकलाय का विचारतो.’ ‘मी रागावले’ मात्र कुठेच नाही, कारण तेव्हा ती मला चूक वाटली होती, लिहून काय ठेवायची?

तुमच्याकडे सत्यनारायण झाला ती तारीख बघ. दुधाचा आकडा आधीच लिहिलेला असेल, त्याच्या खाली जागा असेल तेवढ्यात त्याचं ते वाक्य लिहून टाक. ‘मोठी’च लिही, दुरुस्त करू नकोस.

– माई