कोरोनानंतर वास कमी येतो. दम्याच्या गोळीच्या पाण्याने नाक धुवावं का?

तुम्ही शहाद्याहून विचारलंय की कोरोनापासून आईंना वास फार कमी येतो आणि एका व्हिडिओत दम्याची गोळी कुटून मिठाच्या पाण्यात घालून नाक धुवायला सांगितलंय, तर करून बघावं का. मी धुळ्यात फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. घरी हे अजिबात करू नका.

ती गोळी थिओफिलिनची. तिचा डोस जरा चुकला तरी धडधड, उलट्या, झटके येऊ शकतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तिची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष 2022 मध्ये छापून आले. काहींना थिओफिलिनची कॅप्सूल दिली, काहींना नुसत्या लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, औषध नसलेली. सगळ्यांनी सहा आठवडे ती मिठाच्या पाण्यात मिसळून नाक धुतलं. औषधवाल्या 22 पैकी 13 जण म्हणाले, थोडा तरी फरक पडला. पण लॅक्टोजवाल्या 23 पैकी 10 जणही तेच म्हणाले! एवढ्याशा फरकावरून औषध लागू पडतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्हिडिओतल्या माणसाला बरं वाटलंही असेल, पण गोळीशिवायही त्याचं नाक सुधारलं असतं का, हे त्याला कसं कळणार?

तुम्ही म्हणता, फोडणीत मिरची पडली की आईंना ठसका लागतो, म्हणजे नाक शाबूत आहे. मिरचीच्या मुलखात आपण सगळे असंच धरून चालतो. पण ठसक्याची नस वेगळी, वासाची वेगळी. वास पूर्ण गेलेल्यालाही ठसका लागतो, बामचा झणकाही लागतो. म्हणून वास मोजताना डोळ्यांवर पट्टी बांधून नाकाखाली एकामागून एक तीन पेनं धरतात. वास एकालाच असतो, तो कुठल्या पेनाला ते सांगायचं. वास 16 पायऱ्यांत कमीजास्त करत जातात. किती हलका वास कळतो, दोन वासांतला फरक कळतो का आणि वास ओळखता येतो का, अशा तीन चाचण्या मिळून 48 गुण, आणि साडेपाच गुण वाढले तरच खरी सुधारणा मानतात.

वास ओळखायच्या चाचणीत आणखी एक मेख आहे. अमेरिकेतल्या 40 वासांच्या चाचणीत केळं आहे, तसं रूट बिअर हे तिकडचं गोड पेयही आहे. केळं आपल्याकडची कुठलीही बाई ओळखेल, रूट बिअर कशी ओळखणार? त्यात तिच्या नाकाचा काय दोष?

आधी आईंना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. नाकात पॉलिप, म्हणजे मऊ कोंब, निघाले तर स्टिरॉइडच्या स्प्रेने खरंच फायदा होऊ शकतो. नाही निघाले तर वासाचा सराव: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचं, किमान 12 आठवडे. गुण सगळ्यांनाच येत नाही, पण अपाय नाही.

आणि गॅसची गळती त्यांना कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद केलाय का, ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज बघायचं.